तळीत पायताण नाही

नवऱ्याने पायात काय घालावं, यावर माझ्या सासरी प्रत्येकाला मत होतं. मलाही होतं, पण ते कोणी विचारलं नव्हतं.

सोप्यावर फिनचे दोन जोड मांडून ठेवले होते. पाणबुड्याच्या पायातल्या त्या चपट्या वल्ह्यांना आमच्याकडे सगळे फिनच म्हणतात, सासूबाईसुद्धा. एक जोड साईशचा नेहमीचा. पिवळा, लांबलचक, प्लास्टिकचा, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा. पर्यटकांना समुद्रात मासे दाखवायला नेतो तेव्हा तो हाच घालतो. दुसरा जोड मुंबईहून भाड्याच्या सुटाबरोबर आलेला. काळा, आखूड, जाड रबराचा, टाचेमागे पोलादी स्प्रिंग. आनंदीने, म्हणजे माझ्या दुडदुडत्या लेकीने, तो उचलायचा प्रयत्न केला आणि मागच्या मागे बसली.

"म्हशीचे खूर," जयराम भावोजी म्हणाले. हे माझे थोरले दीर. "हे पायात बांधून माणूस पोहणार की बुडणार?"

"बुडायलाच तर जातोय मी," साईश म्हणाला, आणि दोघे भाऊ हसले.

मी हसले नाही. माझं न हसणं या घरात लगेच दिसतं. सासूबाई तांदूळ निवडताना मान वर न करता म्हणाल्या, "गे बाये, घोव कामाक जाता. त्वांड जरा बरा ठेव."

काम असं होतं. आमच्या डिचोलीतल्या एका बंद खाणीच्या खंदकात पाणी उपसायचा पंप तराफ्यासकट बुडाला होता. तो चाळीस मीटरवर, तळाच्या गाळात पडलेला. खाली उतरून त्याला साखळी अडकवायची, मग वरून क्रेनने ओढायचा. खाणी चालू होत्या तेव्हा भावोजींचे ट्रक होते, त्या ओळखीवर त्यांनी हे काम आणलं. उतरायचं मात्र साईशने. जोडीला मालवणचा अमोल, तो आयत्या दिवशी थेट खंदकावर येणार होता. तळाचं पाणी थंड, आणि त्यात इतक्या वर्षांत काय काय मुरलंय ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणून ड्रायसूट. गळ्यापासून बुटापर्यंत एकसंध, आत हवा, अंगाला थेंब लागू न देणारा. साईशने खोल पाण्याचा कोर्स केलेला आहे. पण ड्रायसूट घालून तो आयुष्यात एकदाही पाण्यात उतरला नव्हता. आमच्याकडच्या समुद्राला लागतो कशाला तो?

हे मला कसं माहीत? त्या कोर्सचं इंग्रजी पुस्तक मीच त्याला वाचून दाखवायचे, आनंदी पोटात असताना. तो ऐकता ऐकता घोरायचा. मी जागी असायचे. म्हापशाच्या कॉलेजात मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. पेडण्याहून रोज बसने जाऊन. ते इथे कोणाच्या कामाचं नाही, पण हवा वर जाते आणि जड वस्तू खाली, एवढं तरी मला कळतं.

सुटातली हवा सतत वरची बाजू शोधते. माणूस पाण्यात आडवा आहे तोवर ठीक. डोकं खाली गेलं की हवा पायांकडे धावते, बूट फुगतात आणि माणूस पाय वर करून सुटतो. हवा सोडायची झडप दंडावर असते, ती नेमकी तेव्हा खाली राहते. चाळीस मीटरवरून असं सुटून वर आलेला माणूस वाचला असं नसतं. रक्तात बुडबुडे होतात. पुस्तकातलं ते पान मी साईशला दोनदा वाचून दाखवलं होतं, दुसऱ्या वेळी हलवून जागं करून.

म्हणून पायात जड फिन हवेत. आखूड हवेत, कारण खंदकाच्या तळाला पिठासारखा लाल गाळ आहे. लांब फिनचा एक फटका खाली बसला की समोर धरलेला स्वतःचा हातही दिसायचा नाही. आणि फिनचा खळगा सुटाच्या बुटाला बसायला हवा. साईशच्या पिवळ्या फिनमध्ये तो जाडा बूट अर्धाच जात होता. टाच बाहेर लोंबकळत होती.

"पट्टा आवळला की बसतं," साईश म्हणाला.

"बसत नाही, अडकतं," मी म्हटलं.

"तुला पोहता येतं?"

"नाही."

"मग?"

या 'मग' पुढे आमच्या घरात बोलणं संपतं.

पहिली चाचणी देवळाच्या तळीत झाली. समुद्राचं पाणी खारं, त्यात माणूस जास्त तरंगतो, तिथली चाचणी खंदकाच्या गोड्या पाण्याला उपयोगाची नाही, हे भावोजींनाही पटलं. तळीचं पाणी स्वच्छ, मधोमध दोन पुरुष खोल. भावोजी देवस्थान समितीवर आहेत. अध्यक्ष गोकुळदासबाब यांनी परवानगी दिली, एका अटीवर. चवथीच्या विसर्जनानंतर तळाशी राहिलेल्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीच्या, काठ्या, सुपाऱ्या, दोऱ्या साईशने वर काढाव्यात. ते ठीकच होतं. पण आम्ही पायऱ्यांवर पोचलो आणि गोकुळदासबाबांनी साईशच्या हातातल्या फिनकडे बोट दाखवलं.

"ते बाहेर ठेव. तळीत पायताण नाही."

"बाब, हे पायताण नव्हे. पोहायचं साधन."

"पायात घालतोस ना?"

"हो."

"मग पायताण."

"आणि सुटाला बूट आहेत ते?" मी विचारलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

गोकुळदासबाबांनी भावोजींकडे पाहिलं, म्हणजे हिला कोणी आणलं असं. भावोजी म्हणाले, "बूट सुटाला चिकटलेले आहेत बाब. वेगळे निघत नाहीत."

गोकुळदासबाबांनी बराच विचार केला. मग निवाडा दिला. "चिकटलेले असतील तर कपड्यात मोडतात. फिन नाही."

साईश फिनशिवाय उतरला. सुटात हवा भरली तसे त्याचे पाय वर येऊ लागले. भावोजींनी घरून मासेमारीच्या जाळ्याची शिशं आणली, सासूबाईंनी ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शिवून दिली, ती पोटऱ्यांना बांधली. मग साईश पाण्यात पाटासारखा आडवा राहिला. पायऱ्यांवर जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं," भावोजी म्हणाले. "पाय शिशाने जड झाले. आता ते म्हशीचे खूर कशाला? आपले पिवळेच घाल. सवयीचे आहेत, वेगही येतो."

साईशला तेच ऐकायचं होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "ही चाचणी नव्हेच. तू हललास कुठे? फिन नाहीत म्हणून नुसता पडून होतास. पडून राहायचं तर इथे चटईवर पड की."

"सुविधा," भावोजी म्हणाले. ते माझं नाव असं घेतात, जणू पोस्टमन पत्त्यावरचं वाचतोय. "तुमच्या पेडण्यात बायका असंच बोलतात काय?"

"पेडण्यात माणसं पायात काय घालतोय ते बघून घालतात."

सासूबाईंनी सूप आपटलं. "तो माझो झील! पाण्यातच वाढलो. तू कालची इलेली, तू त्येका पोहूक शिकवतंय?"

"पोहायला नाही शिकवत. परत वर यायला सांगतेय."

हे बोलायला नको होतं. घरात कोणी असं अभद्र बोललं की सासूबाई उठून देवापाशी जातात. त्या गेल्या. साईश मला म्हणाला, "आईला तरी सोड गो." आणि तोही निघून गेला. आनंदी माझ्याकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघत राहिली. त्या रात्रीपासून साईश माझ्याशी फक्त वस्तूंची नावं बोलू लागला. पाणी. टॉवेल. चावी.

मी काय करू शकत होते? अमोलला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, मी तर रबरीच घालतो. पण साईशदादाला मी सांगणं बरं दिसत नाही." बरं दिसत नाही! माझा नवरा चाळीस मीटर खाली उलटा होईल, ते मात्र बरं दिसेल.

मग गोकुळदासबाबांचं वाक्य मी पुन्हा आठवून पाहिलं, कॉलेजात व्याख्या घोकायचे तसं. चिकटलेले असतील तर कपड्यात मोडतात.

काही दिवसांनी एका सकाळी पदेर पावाचे उंडे देऊन गेला, चहा झाला, आणि साईश माटोळीचं सामान काढायला तळीवर जायला निघाला. अट पुरी करायची होती. सूट त्याने घरीच अंगावर चढवला. मी नळाला गुंडाळतात ती रुंद चिकटपट्टी घेऊन सोप्यावर बसले.

"पाय पुढे कर."

"काय करतेस?"

"तुझे पिवळे फिन सुटाला चिकटवते. अध्यक्षांनीच सांगितलंय, चिकटलं की कपडे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी सरळ पाहिलं. मला वाटलं आता लाथ मारेल. पण त्यालाही स्वतःचंच खरं करून दाखवायचं होतं. "चिकटव," तो म्हणाला. "एकदा बघ, आणि मग तोंड बंद कर."

"करीन."

मी पट्टी घोट्याभोवती, टाचेखालून, फिनवरून घट्ट फिरवली. पोटऱ्यांना सासूबाईंची शिशं होतीच. त्याला चालता येईना. भावोजींच्या पिकअपमध्ये मागे बसवून नेलं. भावोजींनी पट्टी पाहिली आणि ते हसले, कारण त्यांनाही वाटलं की आज माझी जिरणार.

पायऱ्यांवर गोकुळदासबाब होते. चवथीचं सामान निघताना बघायला आणखी चार-पाच माणसंही होती. मी पुढे होऊन सांगितलं, "बाब, आता सगळं एकाला एक चिकटलंय. वेगळं निघत नाही. बघा ओढून."

"ही देवळाची थट्टा आहे," भावोजी म्हणाले.

"तुमचाच शब्द आहे भावोजी. चिकटलेले."

गोकुळदासबाब वाकले. फिन ओढून पाहिलं. निघालं नाही. त्यांच्या गळ्याची शीर फुगली. दिलेला निवाडा सगळ्यांसमोर परत कसा घ्यायचा? "उतर," ते साईशला म्हणाले, आणि मला म्हणाले, "तुझ्या माहेरी कळवतो मी हे."

"कळवा," मी म्हटलं. आणि आनंदीला कडेवर घेतलं.

साईश पाण्यात शिरला. आधी आडवा झाला, अगदी पहिल्या दिवसासारखा. भावोजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मग तळाशी काहीतरी दिसलं म्हणून साईशने नेहमीसारखा सूर मारला. डोकं खाली, आणि लांब फिनचा एक दणकट फटका. समुद्रात तो हेच करतो, हजारदा केलंय.

सुटातली सगळी हवा पायांकडे धावली. पोटऱ्या फुगल्या. शिशाने दोरी लागल्यासारखी जरा ओढ घेतली आणि हार मानली. दोन पिवळे फिन पाण्याबाहेर आले आणि तळीच्या मधोमध उभे राहिले. खाली माझा नवरा, डोकं तळाकडे करून लटकलेला.

पायऱ्यांवर कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. आनंदीने टाळ्या वाजवल्या. "बाबा पाय! बाबा पाय!"

फिन हवेत मागेपुढे हलत होते. पाण्याबाहेरच्या फिनने पोहता येत नाही. मला माहीत होतं की तोंडात नळी आहे, तो श्वास घेतोय, बुडबुडे येतायत. एवढं सगळं माहीत असून मी आनंदीसकट दोन पायऱ्या खाली उतरले. कारण फिन काढून सुटायचं म्हटलं तरी त्याला ते काढता येणार नव्हते. ती पट्टी मी आवळली होती.

बुडबुडे भराभर येऊ लागले. तो घाबरला होता. माझा साईश पाण्यात घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"भावोजी!" मी ओरडले. "हसताय काय? उडी मारा!"

त्यांनी मारली. हे मी त्यांच्या बाजूने सांगते, की एकदा कळल्यावर क्षणही घालवला नाही. अंगातल्या कपड्यांसकट पोहत जाऊन त्यांनी भावाचे गुडघे कवटाळले, खाली दाबले, पायरीकडे ओढले. साईशचं डोकं वर आलं. नळी तोंडातून पडली, आणि तो खोकत पायरीला धरून राहिला. भावोजी शेजारी पाण्यात गळ्यापर्यंत उभे, धापा टाकत.

मी आनंदीला खाली ठेवलं. सुटकेने रडू येईल असं वाटलं होतं. रडू आलं नाही. आला तो राग.

"भावोजी," मी म्हटलं, "तुमच्या पायात चपला आहेत."

त्यांनी खाली पाहिलं. एक चप्पल पायात होती. दुसरी गोकुळदासबाबांच्या समोर, पायरीला लागून तरंगत होती.

गोकुळदासबाबांनी चपलेकडे पाहिलं, मग देवळाकडे, मग उपरणं झटकून चालू लागले. जाताना एवढंच म्हणाले, "जयराम, शुद्धी करून घ्यावी लागेल. भटाला तू सांग."

मी पट्टी कापायला कात्री नेली होती. साईशच्या पायाशी बसून ती कापली. तो माझ्या डोक्यावरून दुसरीकडे बघत होता. लोक अजून गेले नव्हते.

"खूश?" तो हळूच म्हणाला.

"पिकअपमध्ये काळे आहेत. चिकटवू?"

त्याने पाय पुढे केला.

पोटऱ्यांवरची शिशं मी सोडून टाकली. काळ्या फिनमध्ये बूट पूर्ण बसला, टाचेवर स्प्रिंग आपोआप आवळली. तरी पट्टी लावली, नियम तो नियम. या वेळी तो हळू उतरला. गुडघे वाकवून, पाय मागे वर धरून, बेडकासारखे बाजूला फेकत. पाठ सरळ, पाय खाली पडत नव्हते, वरही जात नव्हते. तळाच्या माटोळीच्या काठीजवळून तो गेला तेव्हा तिच्यावर बसलेली पानंसुद्धा हलली नाहीत. भावोजी ओल्या कपड्यांनी पायरीवर बसून ते बघत होते. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

घरी सासूबाईंना सगळं माझ्या आधी पोचलं होतं. शिशाच्या पिशव्या मी त्यांच्यासमोर ठेवल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या झिलाक उलटो टांगलंस. सगळ्या गावासमोर."

"हो," मी म्हटलं. "गावासमोर. खंदकात नाही."

त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. रात्री भात वाढायला गेले तर ताट बाजूला सरकवलं. त्या पुढे बरेच दिवस स्वतःचं स्वतः वाढून घेत होत्या.

खंदकावर मी येऊ नये असं भावोजींनी साईशकरवी सांगितलं. बायकापोरांचं काम नव्हे. मी आनंदीला घेऊन रिक्षाने गेले. लाल मातीच्या पायऱ्या खोल खाली उतरत गेलेल्या, आणि तळाशी हिरवं, गप्प पाणी. काठावर खाणीचा माणूस, क्रेनवाला, दोरी धरून भावोजी. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. अमोल "वहिनी" म्हणून हसला, आणि कोणी हसत नाही हे कळल्यावर मास्क पुसू लागला.

साईशच्या पायात काळे होते. इथे पट्टी नव्हती. मी लांबून बघितलं, स्प्रिंग टाचेवर बसलीय ना. त्यालाही कळलं की मी बघतेय. त्याने बोटाने ओढून दाखवली, रागाने, जशी पावती दाखवतात.

दोघे खाली गेले. मग पाण्यावर फक्त बुडबुडे. आनंदी खडे वेचत होती. मी तिचा फ्रॉक मागून मुठीत धरला होता आणि बुडबुड्यांचे दोन पुंजके वेगवेगळे आहेत ना ते बघत होते. एकदा ते एक झाले तेव्हा मी फ्रॉकची मूठ आवळली. पुन्हा दोन झाले. दोरीला झटके आले, भावोजींनी हात वर केला, क्रेनची साखळी ताणली. तरीही दोघे लगेच वर येत नव्हते. तसं थांबत थांबतच यायचं असतं, मला ठाऊक होतं, म्हणून मी काही बोलले नाही. भावोजींना ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडे बघू लागले. मग न राहवून म्हणाले, "इतका वेळ लागतो?"

"लागतो," मी म्हटलं.

आम्ही त्या कामावर बोललेलं हे एकच.

डोकं आधी वर आलं. पाय नाही, डोकं. अमोल मागोमाग. साईश काठाला लागला, फिन काढून हातात घेतले, चढून आला आणि मातीवर बसला. अमोल खाणीच्या माणसाला सांगत होता, गाळ एवढा की नुसता श्वास सोडला तरी उठेल, पण दादाने जरा हलू दिला नाही, साखळीचा हूक शेवटपर्यंत दिसत होता. भावोजी म्हणाले, "माझा भाऊ आहे तो." खाणीच्या माणसाने दुसऱ्या एका खंदकातल्या पंपाची गोष्ट काढली आणि भावोजी त्याच्याबरोबर चालत लांब गेले.

मी डबा उघडून साईशसमोर ठेवला. उंडे आणि बटाट्याची भाजी. त्याने हात लावला नाही.

"तिथे खाली," तो म्हणाला, "मला सारखं तळीतलं हसणं ऐकू येत होतं."

"बरं झालं. जपून राहिला असशील."

"मला तुझ्या तोंडाकडे बघवत नाही सुविधा. खरं सांगतो."

आनंदी येऊन त्याच्या मांडीवर बसली आणि त्याच्या ओल्या केसांना माती लावू लागली. मी उंडा मोडला, त्यात भाजी भरली आणि त्याच्या हातात दिला.

"नको बघूस," मी म्हटलं. "जेव."